तंबूला दंड, छत्रीला परवाना

पहाटे पावणेसहाला कुणीतरी तंबूवर टिचक्या मारल्या. चेन उघडली तर बाहेर गणवेशातला एक माणूस, हातात टॉर्च. "गुड मॉर्निंग. नो कॅम्पिंग हिअर." आवाज चढलेला नव्हता. रोज तेच तेच सांगून कंटाळलेल्या माणसाचा होता.

मागच्या जूनमधली, ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या दक्षिण किनाऱ्यावरची ही गोष्ट. मी आणि माझा रूममेट, दोघंही जर्मनीत कोड लिहून पोट भरणारे. दिवसभर पाठीवर सॅक घेऊन चाललो होतो. संध्याकाळी ज्या गावात पोचलो तिथे परवडेल अशी खोली मिळाली नाही, म्हणून गावाबाहेरच्या वाळूत तंबू ठोकला. हे बेकायदा आहे, हे आम्हाला माहीत होतं. उगाच भोळेपणाचा आव आणत नाही.

त्या माणसाने पासपोर्ट बघितले, रेसिडन्स परमिट बघितली. पावती फाडली नाही. अर्ध्या तासात आवरा म्हणाला आणि निघून गेला. आम्ही तंबू गुंडाळत होतो तेवढ्यात एक पोरगा आला आणि साखळीने बांधून ठेवलेले सनबेड सोडवायला लागला. साडेआठपर्यंत चार ओळी लागल्या होत्या. आमच्या तंबूचा चौकोन वाळूत अजून दिसत होता. त्यावर दोन सनबेड आणि एक छत्री आली. दिवसाचं भाडं २५ युरो.

म्हणजे त्या वाळूवर आम्ही रात्री आठ तास झोपलो तर गुन्हा, आणि त्याच वाळूवर दिवसा आठ तास पडून राहायचे पैसे मोजले तर पर्यटन. त्या दिवसापासून हा हिशेब माझ्या डोक्यातून गेलेला नाही. तो जुळत नाही, आणि तो जुळू नये अशीच व्यवस्था आहे, असं माझं म्हणणं आहे.

रूममेट मात्र दिवसभर गप्प होता. त्याच्या पर्मनंट रेसिडन्सीचा अर्ज चालू होता. कॅम्पिंगचा दंड त्या अर्जाला नडला असता का? बहुतेक नाही. पण त्या "बहुतेक"वर झोप लागत नाही, हे परदेशात कागदांच्या भरवशावर जगणाऱ्या कुणालाही विचारा. तिथल्या जर्मन किंवा डच पोरांसाठी ३०० युरोचा दंड म्हणजे महागात पडलेला वीकेंड. आमच्यासाठी तो एका सरकारी फाइलमधला कागद असतो.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू. ग्रीसमध्ये मोकळ्यावर तंबू ठोकायला १९७६ च्या कायद्यापासून बंदी आहे. पुढे त्यात दुरुस्त्या झाल्या, २०२५ मध्ये नियम आणखी आवळले गेले. पुरातत्त्वीय जागा, समुद्रकिनारा, जंगलाची कड आणि एकूणच सार्वजनिक जागा, यातल्या कुठेही तंबू किंवा कॅरॅव्हॅन लावता येत नाही. दंड ३०० युरो. राहायचं तर परवाना असलेल्या कॅम्पसाइटवर राहायचं.

आणि आता एक कबुली. ही बंदी का आली, हे मला समजतं. नुसतं समजतं असं नाही, निम्मी पटतेही.

क्रीटच्या पूर्व टोकाला वाई नावाचा किनारा आहे. आपल्या कृष्णाकाठच्या वाईशी त्याचा काही संबंध नाही. तिथे क्रीटच्या स्थानिक खजुरीचं मोठं नैसर्गिक वन आहे. सत्तरच्या दशकात तिथे जगभरच्या भटक्यांचे तंबू पडले, शेकोट्या पेटल्या, कचऱ्याचे ढीग साचले. शेवटी त्या वनाला कुंपण घालावं लागलं. आज दिवसा जाऊन ते बघता येतं, रात्री राहता येत नाही. बरोबरच आहे.

पश्चिमेला एलाफोनीसीजवळ केद्रोदासोस आहे, वाळूच्या टेकड्यांवर उगवलेलं ज्युनिपरच्या झाडांचं रान. ही झाडं फार सावकाश वाढतात. तंबूसाठी जागा करायला कुणी फांदी तोडतो, मुळांवर कुणी चूल मांडतो, आणि कित्येक वर्षांची वाढ एका रात्रीत जाते. ही रानं वाचवण्यासाठी २००९ ते २०१३ या काळात युरोपीय निधीतून ज्युनिकोस्ट नावाचा आख्खा प्रकल्प राबवावा लागला.

समुद्री कासवांचंही तेच. रेथिम्नो, हानिया आणि मेसारा या क्रीटच्या किनाऱ्यांवर कॅरेटा कॅरेटा जातीची कासवं उन्हाळ्यात अंडी घालतात. पिल्लं रात्री वाळूतून वर येतात आणि जिकडे उजेड दिसेल तिकडे धावतात. पूर्वी तो उजेड समुद्राचा असायचा. आता तो तुमच्या हेडलॅम्पचा असू शकतो.

आणि आग. ग्रीसमध्ये १ मे ते ३१ ऑक्टोबर हा अधिकृत वणव्याचा मोसम. जुलै २०२३ मध्ये रोड्स बेटावर वणवा पेटला तेव्हा सुमारे १९,००० लोकांना हलवावं लागलं. एजियन समुद्रावरचं मेल्तेमी वारं सुटलं की एका ठिणगीचं काय होतं, हे तिथल्या लोकांना आपण शिकवायला नको.

त्यामुळे "हिडन बीच, झिरो रुपीज स्टे" असल्या रील बनवणाऱ्यांच्या बाजूने मी एक शब्दही बोलणार नाही. लोकेशन टॅग करायचं, शेकोटीचा व्हिडिओ टाकायचा, सकाळी टिशू पेपर दगडाखाली सारायचा आणि वर "निसर्गाच्या कुशीत" असं लिहायचं. ज्या सरकारांना बंदी हवी आहे, त्यांचं काम हीच मंडळी फुकटात करतात. त्यांच्यामुळे "तंबूवाले म्हणजे घाण करणारे" हे सिद्ध करायला कुणाला कष्टच पडत नाहीत.

पण आता दुसरी बाजू. झाडं, कासवं, आग, कचरा ही कारणं खरी असतील तर ती सगळ्यांना लागू व्हायला हवीत. कासवाच्या मादीला तंबू आणि सनबेड यातला फरक कळत नाही. अंडी घालायला जागा शोधत ती रात्री वर येते आणि लाकडी पलंगांच्या ओळीवर आपटते. म्हणून तर १९८३ पासून काम करणारी आर्केलॉन ही ग्रीक संस्था हॉटेलवाल्यांना कळकळीने सांगत असते की रात्री सनबेड उचलून एका बाजूला ठेवा, दिवे मंद करा. तंबूवाला निदान सकाळी उठून जातो. सनबेड मोसमभर तिथेच असतात.

ग्रीक कायद्यात समुद्रकिनारा ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सगळ्यांच्या वापरासाठीची. ती विकता येत नाही. पण तिचे तुकडे भाड्याने देता येतात, आणि सरकार ते देतं. सनबेड आणि छत्र्यांसाठी किनाऱ्याचे पट्टे व्यावसायिकांना मिळतात. कागदावर मिळालेला पट्टा एवढासा आणि वाळूवर पसरलेली छत्र्यांची नगरी एवढी मोठी, हे अनेक बेटांवर वर्षानुवर्षं चाललं.

२०२३ च्या उन्हाळ्यात पारोस बेटावरचे लोक याला वैतागून टॉवेल घेऊन किनाऱ्यावर उतरले. मागणी साधी होती, आमच्या किनाऱ्यावर आम्हाला टॉवेल टाकायला जागा द्या. बघता बघता ही "टॉवेल चळवळ" बाकीच्या बेटांवर पसरली, क्रीटलाही पोचली. पुढच्याच वर्षी सरकारला नवा कायदा करावा लागला. पट्ट्यातली किमान निम्मी जागा मोकळी, संरक्षित भागात ७० टक्के मोकळी, पाण्यापासून चार मीटरपर्यंत सनबेड नाही. त्या वर्षी १९८ किनाऱ्यांवर सनबेड पूर्ण बंद झाले. शिवाय मायकोस्ट नावाचं अॅप आणलं. नकाशावर किनारा निवडा, कुठे किती परवानगी आहे ते बघा, अतिक्रमण दिसलं तर तक्रार करा.

मी सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे हे अॅप मला विशेष बोलकं वाटलं. कुठल्या किनाऱ्यावर कुणाला किती चौरस मीटर दिले आहेत याचा नकाशा सरकारकडे आहे. तक्रार घेण्याची यंत्रणा आहे. म्हणजे "किनारे इतके, लक्ष कोण ठेवणार?" हे कारण आता चालणार नाही. ज्याला छत्री मोजता येते त्याला तंबूही मोजता येतो.

आणि फरक बघा. छत्रीवाल्याने अतिरेक केला तेव्हा सरकारने काय केलं? टक्केवारी ठरवली, अंतर ठरवलं, अॅप बनवलं, थोडक्यात नियमन केलं. तंबूवाल्याने अतिरेक केला तेव्हा? सरसकट बंदी, आणि पुढच्या दुरुस्तीत आणखी कडक बंदी. एकाच वाळूवर, एकाच प्रकारच्या चुकीला दोन न्याय. ज्याच्याकडून भाडं येतं त्याच्याशी वाटाघाटी, ज्याच्याकडून येत नाही त्याला टॉर्च.

इथे कुणीतरी म्हणेल, "अरे, मग कॅम्पसाइटवर जा की. कोणी अडवलंय?"

गेलो ना. आणि सांगतो, त्या चांगल्या आहेत. उत्तर किनाऱ्यावर हानिया, रेथिम्नो, सिसी या भागात आहेत, दक्षिणेला पालेओहोरा आणि आगिया गालिनीच्या बाजूला आहेत. झाडांची सावली, गरम पाणी, कपडे वाळत घालायला दोऱ्या, शेजारच्या तंबूतले आजोबा-आजी जे वीस वर्षं त्याच झाडाखाली येतात आणि आपल्याला कॉफी देतात. आम्हा दोघांचे रात्रीचे पंचवीस-तीस युरो व्हायचे. उन्हाळ्यात त्या बेटावर त्याहून स्वस्त छप्पर आम्हाला कुठे सापडलं नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याने तिथेच राहावं, हे मी बिनदिक्कत सांगेन.

पण नकाशा उघडून बघा. क्रीट सुमारे २६० किलोमीटर लांब आहे. कॅम्पसाइट बहुतेक तिथे आहेत जिथे गाडीरस्ता आहे, बस आहे, सपाट जमीन आहे. म्हणजे त्या मुख्यतः गाडीतून येणाऱ्यांसाठी आहेत. चालणाऱ्याचं काय?

ई-४ हा युरोपचा लांब पल्ल्याचा पायी मार्ग क्रीटवरून आडवा जातो. अधिकृत मार्ग आहे, पिवळ्या-काळ्या खुणा लावलेल्या आहेत, पर्यटनाच्या पत्रकांत त्याचे फोटो झळकतात. दक्षिण किनाऱ्यावर होरा स्फाकिओनपासून लूत्रोला जायचं, जिथे गाडीरस्ताच नाही, मग आगिया रूमेली, मग सूया, मग पालेओहोरा. यातला आगिया रूमेली ते सूया हा टप्पा सगळ्यात खडतर. उभे कडे, दऱ्या, मध्ये एकही गाव नाही, पाण्याची मारामार. उन्हाळ्यात तो एका दमात मारायला जाणं म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. शहाणा माणूस मध्ये रात्र काढेल. आणि शहाणा माणूस त्या रात्री कायदा मोडत असेल. डोंगरात थोड्या आश्रयकुट्या आहेत, उदाहरणार्थ ओमालोसच्या वरची १६८० मीटरवरची कालेर्गीची, पण किनाऱ्याच्या या टप्प्यावर तिचा काय उपयोग?

वाट काढून द्यायची, तिची जाहिरात करायची, आणि त्या वाटेवर झोपायची जागा मात्र ठेवायची नाही. आमच्या क्षेत्रात याला बग म्हणतात. आणि वर्षानुवर्षं रिपोर्ट होऊनही कुणी तो सोडवत नसेल, तर तो कुणाच्या तरी सोयीचा आहे असं समजायचं.

कुणाच्या सोयीचा, हे बघायचं असेल तर मातलाला जा. दक्षिण किनाऱ्यावरचं हे गाव, कड्यात कोरलेल्या प्राचीन गुहा, त्या एके काळी थडगी म्हणून वापरलेल्या. साठच्या दशकात त्यात हिप्पी राहायला आले. १९७० मध्ये जोनी मिचेल ही कॅनेडियन गायिकाही काही काळ तिथे राहिली, आणि तिच्या १९७१ च्या "ब्लू" या अल्बममधल्या "कॅरी" या गाण्यात ते दिवस आले. तेव्हा ग्रीसमध्ये लष्करी राजवट होती. या पोरांना गुहांतून हुसकावून लावलं गेलं. गुहा थडगी आहेत, पुरातत्त्वीय ठेवा आहेत, तिथे बिऱ्हाडं नकोत, हे मला मान्य आहे. पण आज त्याच गावात रस्ते रंगीबेरंगी फुलांनी रंगवलेले आहेत, दुकानांत हिप्पी टी-शर्ट लटकतात, त्या काळाच्या आठवणीत संगीत महोत्सव भरतो. गुहा बघायला तिकीट आहे. भटक्यांना हाकलायचं आणि मग त्यांच्या आठवणीवर धंदा करायचा. भटका चालत नाही, भटक्याचा फोटो चालतो.

मग करायचं काय? "सगळीकडे मोकळीक द्या" हे उत्तर नाही, ते वर सांगितलं. मला काही जागी बंदी हवीच आहे. सामारियाच्या घळीत रात्री राहायला बंदी आहे. साधारण १६ किलोमीटरची ही घळ १९६२ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, तिथल्या गावातल्या माणसांनासुद्धा तेव्हा घरं सोडावी लागली. क्री-क्री या रानबोकडाचं ते घर आहे. ज्या जागेसाठी गावाने घर सोडलं तिथे मी तंबूचा हट्ट धरणार नाही.

पण बंदी आणि मोकाट यांच्या मध्ये बरंच काही असतं, आणि ते भूमध्य समुद्रातल्याच दुसऱ्या बेटावर चालू आहे. फ्रान्सच्या कोर्सिकावरही मोकळ्यावर तंबू ठोकायला बंदी आहे. पण तिथून जाणारी जीआर-२० ही सुमारे १८० किलोमीटरची डोंगरवाट आहे, आणि तिच्यावर टप्प्याटप्प्याला आश्रयकुट्या आहेत. कुटीशेजारी ठरवून दिलेल्या जागेत, आधी बुकिंग करून, थोडे पैसे भरून तंबू लावता येतो. शेकोटी बंद. इतर कुठे लावलात तर दंड. पायी चालणारा आहे हे गृहीत धरून केलेला नियम असा दिसतो. स्कॉटलंडच्या लॉख लोमंड परिसरात तळ्याकाठी तंबूवाल्यांचा धुडगूस वाढला, तेव्हा २०१७ पासून मार्च ते सप्टेंबर या काळात ठरावीक पट्ट्यांत परवाना लागू झाला. काही पौंड भरा, ऑनलाइन परवाना काढा, ठरलेल्या पट्ट्यात राहा, जागा जशी होती तशी सोडा.

क्रीटसाठी हेच मागायचं आहे. ई-४ वरच्या लांब टप्प्यांवर, झाडी आणि कासवांच्या जागा सोडून, दहा-पंधरा तंबूंच्या छोट्या जागा. एक रात्र, अंधार पडताना लावायचा, उजाडल्यावर काढायचा. आग पूर्ण बंद, गॅसची शेगडीसुद्धा. परवाना फोनवर. ग्रीसचं नागरी संरक्षण खातं उन्हाळ्यात रोज वणव्याच्या धोक्याचा नकाशा काढतं, १ ते ५ अशा पायऱ्यांचा. ४ किंवा ५ असेल त्या दिवशी त्या भागातले परवाने आपोआप रद्द आणि सगळ्यांना मेसेज. उलट फायदाच झाला, कारण आज रानात कोण लपून झोपलंय हे अग्निशमन दलाला माहीत नसतं. चोरून झोपणारा माणूस आग दिसली तरी फोन करायला कचरतो. परवाना असलेला पहिला फोन करेल.

"लोक तरीही नियम मोडतील" असं म्हणणारे भेटतात. मोडतील. सनबेडवालेही मोडतात. म्हणून सनबेडवर सरसकट बंदी आली का? चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची आपल्याला इतकी सवय झाली आहे की ती बातमी वाटत नाही.

हे आपल्याशी का संबंधित आहे, असं वाटत असेल तर दोन गोष्टी. एक, पुण्या-मुंबईतून युरोपला जाणारी आपली पोरं आता फक्त टूर कंपन्यांच्या बसमधून जात नाहीत. सॅक घेऊन जातात, आणि व्हिसासाठी राहण्याच्या जागेचा पुरावा लागतो तिथूनच त्यांना कळतं की भटकायलाही बुकिंग लागतं. दुसरी, आम्ही दोघं कॉलेजात असताना राजगडावर पद्मावतीच्या देवळात पथारी टाकून झोपलो आहोत, हरिश्चंद्रगडाच्या गुहेत पावसात कुडकुडलो आहोत. तिथे कुणी विचारलं नाही की किती पैसे आहेत. आणि तिथेही आता प्लास्टिकचे ढीग आहेत, स्पीकर आहेत, आणि पायथ्याला किंवा धरणाकाठी रेडिमेड तंबू, बार्बेक्यू, लाइव्ह म्युझिकचं पॅकेज आहे. क्रीटमध्ये जे घडून गेलंय ते आपल्याकडे घडायला लागलंय. आधी आपण घाण करतो, मग बंदी येते, मग बंदीच्या पलीकडे कुणीतरी तिकीटखिडकी उघडतं. या तीन पायऱ्यांतली पहिली आपल्या हातात आहे.

नियम बदलेपर्यंत काय करायचं? क्रीटला जाणार असाल तर कॅम्पसाइटवर राहा. मीही पुढच्या वेळी तिथेच राहीन. चालत जाणार असाल तर टप्पे असे आखा की रात्र गावात पडेल, आणि सूयाचा टप्पा झेपत नसेल तर बोट घ्या, त्यात कमीपणा नाही. केद्रोदासोसला दिवसा जा, झाडांखालून चालताना मुळांवर पाय देऊ नका. लोकेशन टॅग करू नका. आणि किनाऱ्यावर गेलात की सनबेड भाड्याने घेण्याआधी मायकोस्ट उघडून बघा, त्या ओळीला परवानगी तरी आहे का. नसेल तर तक्रार करा. पाहुण्याने यजमानाच्या घरात एवढी मदत करायला हरकत नाही. तो किनारा पारोसच्या आणि क्रीटच्या लोकांनी टॉवेल टाकून परत मिळवलाय.

त्या दिवशी सकाळी निघताना मी त्या पोराला विचारलं, रात्री हे सनबेड उचलून का ठेवत नाही? तो हसला. म्हणाला, "कुठे ठेवू? सगळी वाळू तर भाड्याने दिलीय." मग त्याने आमच्या बाटल्या हॉटेलातल्या नळावर भरून दिल्या, आणि आम्ही पुढच्या गावाकडे चालायला लागलो.